फॉर्मवरची बायको

न वाचता सही करणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तेव्हापासून ऑफिसातल्या लोकांच्या मी डोळ्यांवर आले. आले तर आले. माझं काय घोडं मारणार होते ते?

सातपूरच्या आमच्या कारखान्यात प्रॉव्हिडंट फंडाचा स्वतःचा ट्रस्ट होता. म्हणजे आमच्या पगारातून कापलेला फंड आणि कंपनीने त्यात घातलेला वाटा सरकारी ऑफिसात न जाता ह्या ट्रस्टकडे राहायचा. तो सांभाळायला सहा विश्वस्त. तीन कंपनीचे, तीन कामगारांचे. कामगारांच्या तिघांत मी एक, आणि बायकांमधून पहिलीच. युनियनला असेंब्ली लाइनवरच्या बायकांची मतं हवी होती म्हणून मला उभं केलं. बाई आहे, गप्प बसेल, असंही कुणाच्या तरी डोक्यात असणार. त्यांनी माझ्या सासूबाईंना विचारायला हवं होतं.

माझ्या आधी ट्रस्टची मीटिंग ही गोष्टच नव्हती. शिपाई मिनिट्सची वही काखेत मारून शॉपमध्ये फिरायचा आणि विश्वस्त मंडळी तेलाचे हात पुसून मशीनवरच सह्या ठोकायची. वर काय लिहिलेलं? ‘विचारविनिमयानंतर एकमताने मंजूर.’ कसला विचार आणि कसला विनिमय, डोंबलाचा! माझ्याकडे वही आली तेव्हा मी ती ठेवूनच घेतली. शिपाई बिचारा रडकुंडीला आला. डब्याच्या सुट्टीत मी ती पहिल्या पानापासून वाचली. मग पर्सोनेलच्या साहेबांनी बोलावणं धाडलं. ते ट्रस्टचे सचिव.

“बाई, सगळे सही करतात,” ते म्हणाले.

“सगळ्यांना वेळ नसेल साहेब. मला आहे. रिटायर व्हायला अजून वीस वर्षं आहेत.”

त्यानंतर मीटिंगा खरोखर भरायला लागल्या, चहा-बिस्किटांसकट. पैसा कुठे गुंतवलाय, व्याज किती बसलं, कुणाचा क्लेम कशाला अडलाय, सगळं मी विचारायचे. इंग्रजी कळलं नाही तर मराठीत सांगा म्हणायचे. मी आले की साहेब चष्मा काढून डोळे चोळायचे, एवढी माझी ख्याती.

ही फुशारकी मारून झाली. आता मी केलेला घोळ सांगते. तोही तितक्याच मोठ्याने सांगायला हवा.

नव्वदीच्या मध्याची गोष्ट. फंडाच्या नियमांत असं आहे की, माणसाने लग्नाआधी आपल्या मागे पैसा कुणाला द्यायचा म्हणून आईचं किंवा भावाचं नाव लिहिलेलं असेल, तर लग्न झाल्यावर ते नाव चालत नाही. नवा फॉर्म भरावा लागतो. आमच्याकडे निम्म्या पोरांची लग्नं होऊन पोरंबाळं झाली तरी फॉर्मवर आईच. मी मीटिंगमध्ये टेबल आपटून सांगितलं की हे फॉर्म बदललेच पाहिजेत, आणि कुणी भरत नसेल तर मी भरते. माझं अक्षर चांगलं. कॅन्टीनमध्ये शेवटचं टेबल धरून मी रोज डब्याच्या सुट्टीत बसायला लागले. एकेकाने यायचं, बायकोचं नाव, वय सांगायचं, सही करायची. साक्षीदार म्हणून खाली माझी सही.

आता, आमच्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलतात. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना मोठ्याने सांगायचं आणि पेढे वाटायचे. माझंही बदललं. आईसाठी मी एक होते, हजेरीच्या मस्टरवर दुसरीच आहे. नवऱ्याने ते गॅझेटमध्ये छापून आणलं, सगळे कागद बदलून घेतले, आणि मीही त्याचं काही वाटून घेतलं नाही. इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीत सगळ्याच अशा. त्यामुळे फॉर्म भरताना मी प्रत्येकाला ठरलेला प्रश्न विचारायचे, “माहेरचं नको, सासरचं सांग.” कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

एक दिवस प्रेस शॉपमधला एक जण आला. इगतपुरीकडचा, डोंगरातल्या भाताच्या गावचा. लाजाळू, कामाला वाघ. त्याचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालेलं. त्याने बायकोचं नाव सांगितलं. ते अगदी जुन्या वळणाचं होतं, आमच्या पणजीच्या पिढीत असायचं तसलं. शेजारच्या टेबलावर फिस्सकन कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मीही हसले. का लपवू?

“अरे, हे माहेरचं झालं,” मी म्हटलं. “तू काय ठेवलंस? तांदळात काय लिहिलंस?”

त्यांच्या गावात नाव बदलतच नाहीत. पोरगी जे नाव घेऊन जन्मते तेच घेऊन मरते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि विचारायचं सुचलंही नाही. “सांग की लवकर, भोंगा होईल,” मी दामटलं. मागून कुणी म्हणालं, “नाव न ठेवताच आणली काय रे घरात?” पुन्हा हशा. त्याचे कान लाल झाले. त्याने वर पाहिलं. काउंटरच्या मागे साबणाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर त्या वेळची सगळ्यांत गाजलेली नटी दात दाखवून हसत होती. त्याने तिचं नाव सांगितलं.

त्याची नजर कुठे गेली ते मी पाहिलं होतं. मला कळलं होतं. आणि तरी मी ते नाव माझ्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, त्याची सही घेतली, खाली माझी केली. भोंगा झाला, सगळे उठले. पुढे महिनाभर शॉपमधली पोरं त्याला “काय रे, कशी आहे आमची वहिनी?” म्हणून त्या नटीच्या नावाने चिडवत होती. तो हसायचा. मग लोक विसरले. मीही विसरले.

सात-आठ वर्षं गेली. मधल्या काळात अर्धे लोक व्हीआरएस घेऊन घरी बसले, प्रेस शॉप निम्मं रिकामं झालं. तो मात्र टिकला. एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. गावाकडे झाडपाल्याचं औषध घेत राहिला, आणि नाशिकला आणला तेव्हा हाताबाहेर गेलं होतं. पस्तिशीही गाठली नव्हती. आम्ही वर्गणी काढली, चार जण जाऊन आले. मी गेले नाही. पाऊस आहे, रस्ता खराब आहे, अशी कारणं मी स्वतःलाच दिली.

दोनेक महिन्यांनी गेटवरच्या वॉचमनचा निरोप आला, एक बाई सकाळपासून बाकावर बसलीय, हलायला तयार नाही. मी गेले. सहावारी नेसलेली, उन्हाने रापलेली, तिशीचीही नसेल. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, त्यात कागद. शेजारी पाच-सहा वर्षांची मुलगी.

“ताई, तुमी फंडाच्या ना?” तिने विचारलं. “मंग मला सांगा, ही बाई कोन हाय?”

ऑफिसातल्या क्लार्कने फाइल काढली होती. फॉर्मवर एक नाव, हिच्या रेशनकार्डावर वेगळंच. त्याने हिला तोंडावर विचारलं होतं, “तुमच्या मिस्टरांना दुसरी बायको होती का?” आणि ती तिथून उठून गेटवर येऊन बसली होती. रडत नव्हती. तिच्याकडे बघून वाटलं, ती रडली असती तर परवडलं असतं.

कोण बाई, हे सांगू शकणारी त्या कारखान्यात आता बहुतेक मी एकटीच उरले होते. आणि मी काय सांगितलं? “अगं, काही नाही, नुसती कागदाची भानगड आहे. होईल सगळं.” एवढं बोलून मी तिला चहा पाजला आणि बसमध्ये बसवून दिलं. शूरवीर मी!

साहेबांकडे उपाय तयार होता. “सोपं आहे बाई. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं, मी अमुक उर्फ तमुक. दोन्ही नावं माझीच. एका दिवसात होतं. नाहीतर कोर्टातून वारसाचा दाखला आणा. त्याला वर्ष लागेल, वकील वेगळा.”

मला तर हायसंच वाटलं. ‘उर्फ’ लिहिलं की झालं, माझा घोळही त्यात गाडला जाईल. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा मी स्टॅम्प पेपर टाइप करून तयार ठेवला होता. तिला वाचून दाखवला. ती सातवी शिकलेली, तिने स्वतः पुन्हा वाचला.

“हे माझं नाव नाय.”

“माहितीय गं. पण कागदापुरतं.”

“नाय. ती कोन हाय ते आधी सांगा. तिचं नाव मी कशाला लावू?”

मग मला सांगावंच लागलं. कॅन्टीन, हशा, कॅलेंडर, सगळं. अशी कुणी बाई नाही, तुझ्या नवऱ्याने दुसरी कुणी केली नव्हती, हे सांगितलं. आम्ही हसलो हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी तिने तो स्टॅम्प पेपर माझ्याकडे सरकवला.

“तरी बी मी सही करायची नाय.”

माझं टाळकंच सटकलं. अगं बये, एवढ्याशा सहीसाठी अडून बसतेस? पोरीचा विचार कर. घरात मिळवतं कुणी नाही. पैसा कुठल्या का नावाने देईनात, तुला मिळण्याशी मतलब! असं बरंच काही मी बोलले, आवाज चढवून बोलले.

“पैसं माझ्या मानसाचं हायेत,” ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “त्यानं ते माझ्यासाठी ठिवलं. ते मी भिंतीवरच्या बाईचं नाव लावून घेऊ व्हय? द्यायचं तर माझ्या नावानं द्या. नायतर ऱ्हाऊ द्या.”

आणि मुलीचा हात धरून ती गेली.

घरी येईपर्यंत मी धुसफुसत होते. पोळ्या लाटताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे खोटं वाचूनसुद्धा सही करत नाही ती. तुझ्या एक पाऊल पुढे आहे.” तो चेष्टेने म्हणाला, पण मला ते चांगलंच लागलं. न वाचता सही नाही म्हणून मी सगळ्या ऑफिसला नाचवलं होतं, आणि आता तिच्या पुढ्यात खोटा कागद टाकून वर तिलाच झापत होते. शरम वाटली. आणि शरम वाटली की मला राग येतो, आणि राग आला की मी कामाला लागते.

सुट्टीच्या दिवशी ट्रस्टच्या नियमांचं पुस्तक घेऊन बसले. सगळं इंग्रजीत, एकेक वाक्य अर्धं पान. मुलाची शाळेची डिक्शनरी शेजारी. दुपारपर्यंत सापडलं. नामनिर्देशन केलेलंच नसेल किंवा केलेलं चालण्यासारखं नसेल, तर पैसा कुटुंबातल्या माणसांना सारखा वाटून द्यायचा. त्याच्या मागे आता दोघीच, बायको आणि अज्ञान मुलगी. कोर्टबिर्ट काही नको. आता जी बाई जगातच नाही तिच्या नावाचं नामनिर्देशन कसं चालेल? म्हणजे तो फॉर्म रद्द धरायचा, आणि पैसा हिला हिच्या नावाने द्यायचा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मग हेही लक्षात आलं की फॉर्म खोटा आहे हे सिद्ध करायला साक्ष लागेल, आणि साक्षीदाराच्या जागी सही माझी आहे.

पुढच्या मीटिंगला मी तो विषय घ्यायला लावला. हिचं रेशनकार्ड, मुलीच्या जन्माची नोंद, ग्रामपंचायतीचा लग्नाचा दाखला, सगळं टेबलावर मांडलं. सगळीकडे तेच एक जुन्या वळणाचं नाव.

साहेबांनी मान हलवली. “बाई, तुमचा नियम बरोबर आहे. पण फॉर्मवर मृताची सही आहे. आम्ही तो खोटा कसा म्हणायचा? आज हिला पैसे दिले आणि उद्या ती बाई दारात आली तर?”

“कोण बाई?” मी म्हटलं. “साबणाच्या कॅलेंडरवरची? येणार नाही ती. तिला आपल्या फंडाची गरज नाही.”

कुणाला काही कळेना. मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तो नाव खरं सांगत होता आणि आम्ही हसलो. मी त्याला दामटलं. त्याने भिंतीवर बघून नाव घेतलं आणि ते मी जाणूनबुजून लिहिलं. टेबलाभोवती कुणी बिस्किटाला हात लावेना. माझ्या शेजारचा आमचाच विश्वस्त टेबलाखालून पायाने खुणावत होता, बस खाली म्हणून. मी बसले नाही.

“हे लेखी द्याल?” साहेबांनी विचारलं.

“आत्ता देते. कागद आणा.”

“बाई, विचार करा. खोटी माहिती नोंदवली असं तुम्ही स्वतः कबूल करताय. मला चौकशी लावावी लागेल.”

“लावा की! चौकशी लावा, मेमो द्या, काढून टाकायचं तर काढून टाका. पण चूक मी केलीय आणि नाव ती बदलणार, हे मी बसेन त्या टेबलावर होणार नाही.”

मी लिहून दिलं. त्याच कागदाच्या आधारावर ट्रस्टने तो फॉर्म रद्द धरला. खरं सांगायचं तर साहेबांनी ठराव स्वतः लिहिला, मराठीत लिहिला, आणि वाचून दाखवल्यावर पहिली सही त्यांनीच केली. माणूस वाईट नव्हता. पण माझी चौकशीही त्यांनी लावलीच. तीन दिवस बिनपगारी घरी बसवलं आणि फाइलला पत्र लावलं. युनियनवाले म्हणाले, कंपनीची माफी माग, आम्ही ते मिटवतो. मी म्हटलं, कंपनीचं मी काय बिघडवलंय? मागितली नाही.

तीन दिवसांनी कामावर आले आणि आल्या आल्या कॅन्टीनमधलं ते शेवटचं टेबल पुन्हा धरलं. कपाटातले सगळे फॉर्म काढले आणि एकेकाला बोलावलं. आता प्रश्न बदलला होता, “रेशनकार्डावर काय आहे? कार्ड घेऊन ये, दाखव.” कितीतरी फॉर्मवर तांदळातलं नाव होतं आणि कागदांवर माहेरचं. लोक वैतागले. एक जण नाव सांगताना दुसरा हसला, तर मी त्याला सगळ्यांसमोर असा झाडला की त्याचा घास तोंडातच राहिला.

चेक तयार झाले त्या दिवशी ती आली. एक तिच्या नावाचा, एक मुलीच्या नावाचा. तिने पावतीवर सही केली, पहिलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. क्लार्कने ती बघून चेक दिले. हिने चेकवरचं नाव बोट ठेवून वाचलं आणि पिशवीत ठेवलं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला सीबीएस स्टँडवर सोडायला गेले. माफी मागायची होती. वाटेत रिक्षात जमलं नाही, तिथे बाकावर बसल्यावर मागितली. तिने ऐकून घेतली. इगतपुरीची बस लागायला वेळ होता. मुलगी उसाचा रस पीत होती.

“ताई,” ती एकदम म्हणाली, “त्याला माझ्या नावाची लाज वाटत व्हती का?”

“नाही गं,” मी म्हटलं. “त्याने तुझंच नाव सांगितलं होतं, पहिल्यांदा. लाज आम्ही आणली त्याला.”

तिने मान हलवली. बस आली तशी ती उठली, मुलीला पुढे घातलं, पिशवी छातीशी धरली. पायरीवर चढून माझ्याकडे वळली.

“मंग हे त्याला का नाय सांगितलं? आठ वर्सं तो तुमच्याच संगं डबा खात व्हता.”